पोलाद व काँक्रीट यांची सोयरीक

देवबागच्या टोकाशीं दक्षिणेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे कर्ली नदीचें मुख समोर दिसतें. डाव्या हातास खाडीचें संथ, हिरवट पाणी, उजव्या हातास समुद्र, आणि पलीकडे भोगव्याचा किनारा इतका जवळ कीं, तिकडून कोणी हांक मारली तर ती ऐकूं यावी असें वाटतें. होडीनें तेथें जावयास थोडीं मिनिटें पुरतात. रस्त्यानें जावयाचें म्हटलें तर खाडीच्या कडेकडेनें बरेंच मागें येऊन मोठा वळसा घालावा लागतो. मालवणच्या किनाऱ्याचा सारा भूगोल या एका देखाव्यांत सांठविलेला आहे. उत्तरेस विजयदुर्गची खाडी, मग देवगड, आचरें, गड नदीची कालावलची खाडी, त्याखालीं ही कर्ली, आणि शेवटीं गोव्याच्या सीमेवर तेरेखोल. सह्याद्रीवरून उतरलेल्या या नद्यांनीं किनारपट्टीचे जणूं तुकडे पाडले आहेत.

अशा तुटक भूमीचा व्यवहार शतकानुशतकें पाण्यावरूनच चालला. नदी उतरावयास तर, गांवाहून गांवास होडी, आणि मुंबईस जावयास आधीं गलबत व पुढें आगबोट. आगबोट बहुधा धक्क्याला लागत नसे; ती खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून ये-जा करीत. पावसाळ्यांत तर हाहि मार्ग बंद पडे. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेचा सगळा मार्ग वाहतुकीस खुला झाला. या मार्गावर लहानमोठे मिळून सुमारें दोन हजार पूल आहेत. ज्या मुलुखांत आजोबा तरीची वाट पाहत बसत, त्याच मुलुखांत नातवाला पूल केव्हां आला व केव्हां गेला हें गाडींत बसून कळतहि नाहीं.

पुलाचें वर्णन करतांना आपण खांब सांगतों, कमानी मोजतों, तुळयांची लांबी ऐकून थक्क होतों. ज्या भागावरून प्रत्यक्ष चालतों त्याला मात्र आपल्या भाषेंत धड नांवहि नाहीं. गवंडी त्याला स्लॅब म्हणतात. इंजिनिअर डेक म्हणतात, आणि हा शब्द जहाजावरचा आहे हें मालवणच्या माणसास सांगावयास नको. मी या लेखांत त्याला पुलाची पाठ म्हणणार आहें. पोलादी तुळयांच्या पुलावर काँक्रीटची पाठ कशी घालतात, ती रीत कशी घडत आली, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशांत तिच्यावर काय अवलंबून आहे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. मी स्थापत्यशास्त्राचा जाणता नव्हे, इतिहासाचा अभ्यासक आहें. परंतु ज्या वस्तूवर रोज हजारों माणसें आपला जीव निःशंकपणें टाकतात, त्या वस्तूला इतिहास नाहीं असें कसें म्हणावें?

लोखंडी पूल आपल्याकडे आले ते मुख्यतः आगगाडीबरोबर. बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनें १८६४ च्या सुमारास वसईच्या खाडीवर पूल केला, तेव्हां खालीं स्क्रूप्रमाणें फाळ असलेले लोखंडी खांब चिखलांत पिळून बसविले. आगगाडीला पाठीची फारशी अडचण पडत नाहीं. तुळयांवर लांकडी स्लीपर टाकले आणि त्यांवर रूळ ठोकले कीं काम भागतें. बैल, घोडा आणि माणूस यांना मात्र पायांखालीं सलग जमीन लागते. ती जमीन लोखंडावर कशी पसरावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांतील कारागिरांस पडला.

त्यांनीं नाना तोडगे काढले. पहिला अर्थात् लांकडी फळ्यांचा. पण फळ्या कुजतात, झिजतात, आणि चाकाखालीं खडखडतात. दुसरा तोडगा मध्यें किंचित् फुगविलेल्या लोखंडी पत्र्यांचा. आयर्लंडांतील इंजिनिअर रॉबर्ट मॅलेट यानें शतकाच्या मध्यास हे पत्रे प्रचारांत आणले. फुगवट्यामुळें पातळ पत्राहि जड ओझें पेलूं शके, आणि त्यावर खडी व डांबर घालून रस्ता करतां येई. तिसरा तोडगा पन्हळीसारख्या खोल वळ्या असलेल्या पत्र्यांचा. चौथा आपल्या ओळखीचा आहे: दोन लोखंडी तुळयांच्या मध्यें विटांची चपटी कमान वळवावयाची, आणि तिच्यावर चुन्याचा कोबा पसरून सपाटी करावयाची. मुंबईच्या जुन्या इमारतींत मान वर करून पाहिलें तर छताला अशा लहान लहान कमानींच्या ओळी अजूनहि दिसतात. पुलांवर हीच युक्ति अधिक बळकट करून वापरीत.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान होती. पाठ हें केवळ ओझें होतें. तुळई म्हणजे हमाल, आणि पाठ म्हणजे त्याच्या डोक्यावरची गोणी. गाड्याघोड्यांचें वजन वाहण्यापूर्वींच बिचाऱ्या तुळईची बरीचशी शक्ति या मेलेल्या वजनाखालीं खर्ची पडे. पाठ जितकी टिकाऊ करावी तितकी ती जड होई, आणि जितकी जड होई तितकी तुळई मोठी घ्यावी लागे. पुढील शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या गोणीला हमालाचा भागीदार कसा केला, याची हकीकत आहे.

त्या भागीदारीस लागणारा गडी काँक्रीट हा होय. १८६७ सालीं फ्रान्सांत मोनिए नांवाच्या माळ्यानें सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घालण्याचें पेटंट घेतलें, आणि १८९२ सालीं एन्बिक यानें तुळया, खांब व पाठ हीं सारीं सळयांच्या काँक्रीटचीं एकजीव करण्याची पद्धति पुढें आणली. काँक्रीट दाबाला खंबीर आहे, पण ताणाला दुबळें. ताण सोसण्याची त्याची शक्ति दाबाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकीच असते. पोलादाचें मुख्य बळ ताण सोसण्यांत आहे; दाबाखालीं त्याचा पातळ पत्रा मुडपतो. एकाचें उणें तें दुसऱ्याचें अधिक. शिवाय उष्णतेनें फुगण्याच्या बाबतींत दोघांचा स्वभाव आश्चर्यकारक रीतीनें जुळतो: एका अंश सेंटिग्रेडला पोलाद दहा लाखांत सुमारें बारा भाग वाढतें आणि काँक्रीट सुमारें दहा भाग. हें साम्य नसतें तर पहिल्याच उन्हाळ्यांत दोघांची फारकत झाली असती. आणखी एक गुण असा कीं, ताज्या काँक्रीटमध्यें चुन्याचा जो क्षारधर्म असतो, त्यामुळें आंतल्या पोलादावर एक अदृश्य संरक्षक थर जमतो व तें गंजत नाहीं. सोयरीक जुळण्यास यापेक्षां अधिक काय पाहिजे?

तथापि सळया काँक्रीटच्या पोटांत असणें वेगळें, आणि काँक्रीटची पाठ तुळईच्या डोक्यावर असणें वेगळें. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोलादी तुळयांवर काँक्रीटची पाठ घालूं लागले, तरी दोघांचा संबंध शेजाऱ्यांचाच राहिला. यांतील मर्म समजण्यास एक घरगुती प्रयोग पुरे. सुट्या पानांची पोथी दोन्हीं टोकांना धरून वांकविली तर सहज वांकते, कारण प्रत्येक पान खालच्या पानावरून थोडें थोडें सरकतें. तींच पानें खळीनें एकमेकांस चिकटवून वाळविलीं, तर त्याच जाडीचा पुठ्ठा तयार होतो आणि तो वांकवितां वांकवत नाहीं. कागद तोच, जाडी तीच. फक्त सरकणें बंद झालें. पुलावरून मोटार गेली म्हणजे तुळई वांकते आणि तिच्यावरची पाठहि वांकते. दोघींच्या मध्यें सरकणें चालू असेल तर त्या दोन सुट्या पानांसारख्या वागतात. हें सरकणें थांबविलें कीं वरचें काँक्रीट दाब घेतें, खालचें पोलाद ताण घेतें, आणि तीच तुळई पूर्वीच्या दुप्पट-तिप्पट ताठ होऊं शकते.

ही गोष्ट अनुभवास आली ती थोडी अवचितच. इमारतींतल्या पोलादी तुळया आगीपासून राखण्यासाठीं त्यांना काँक्रीटचें वेष्टण देत. अशा तुळया हिशेबापेक्षां पुष्कळच अधिक वजन उचलतात असें दिसून आलें. १९२२ सालीं कॅनडांत डोमिनियन ब्रिज कंपनीनें या गोष्टीची रीतसर परीक्षा केली. १९२६ सालीं अमेरिकेंत ज्युलियस कान यास, तुळईच्या माथ्यावरून वर आलेल्या पोलादी दांत्यांनीं काँक्रीटला धरून ठेवण्याच्या युक्तीचें पेटंट मिळालें. पुढें स्वित्झर्लंडांत तुळईवर पोलादी सळईचीं वेटोळीं जोडून तोच परिणाम साधला. सरकण्याला अडविणारी कडी कोणत्या आकाराची असावी, एवढाच आतां वादाचा विषय राहिला.

त्या वादाचा निकाल जहाजांच्या कारखान्यांत लागला, हें किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष गोड वाटेल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅलिफोर्नियांतील मेअर आयलंडच्या आरमारी गोदींत टेड नेल्सन नांवाचा कारागीर होता. युद्धनौकांच्या पोलादी डेकवर लांकडी फळ्या बसविण्याचें काम फार वेळखाऊ असे. त्यानें विजेच्या ठिणगीनें क्षणार्धांत खुंट पोलादावर उभा चिकटविणारें हत्यार तयार केलें. युद्ध संपल्यावर पूल बांधणाऱ्यांचें लक्ष या खुंटाकडे गेलें. इलिनॉय विद्यापीठांत न्यूमार्क, सीस व व्हीस्ट या संशोधकांनीं तुळया आणि पाठ यांच्या जोडणीवर वर्षानुवर्षें प्रयोग केले, आणि १९५० नंतरच्या दशकांत मोठ्या डोक्याचा हा पोलादी खुंट पुलांवर सर्वमान्य झाला. आज तुळईच्या माथ्यावर असे खुंट ओळीनें उभे करतात. त्यांचें अंग काँक्रीटला सरकूं देत नाहीं, आणि त्यांचें डोकें त्याला वर उचलूं देत नाहीं. जहाजाच्या डेकला फळ्या बांधणारा खुंट पुलाच्या डेकला काँक्रीट बांधूं लागला.

आपल्या देशांत या विद्येस शिस्त लावण्याचें काम ज्या संस्थेनें केलें, तिच्या जन्माशीं एका मराठी गृहस्थाचें नांव निगडित आहे. १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते-समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. मोटारी वाढत चालल्या असतां रस्त्यांचा प्रश्न स्थानिक मंडळांच्या शक्तीबाहेर गेला आहे, हें त्या समितीनें स्पष्टपणें मांडलें. तिच्या शिफारशींतून मध्यवर्ती रस्तानिधि आला आणि १९३४ च्या डिसेंबरांत इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पोलादी तुळया व काँक्रीटची पाठ यांच्या संयुक्त बांधणीचे नियम या संस्थेनें १९६६ सालीं स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपानें प्रसिद्ध केले, आणि पुढें अनुभवाप्रमाणें ते वेळोवेळीं सुधारले.

आतां ही पाठ प्रत्यक्ष घालतात कशी तें पाहूं. सर्वांत जुनी व रूढ रीत म्हणजे जागेवरच सेंट्रिंग करून काँक्रीट ओतण्याची. घराच्या स्लॅबखालीं जसे टेकू देतात तसे टेकू पुलाखालींहि देतां आले, तर काम फार काटकसरीचें होतें. कारण काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याचा भार टेकूंवर राहतो, आणि टेकू काढल्यावर तुळई व पाठ दोघी मिळून तो उचलतात. परंतु खाडींत टेकू द्यावयाचे कशावर? तळाशीं गाळ, वर दिवसांतून दोनदां भरती-ओहोटी, आणि मधून होड्यांची वाट. म्हणून तेथें सेंट्रिंग खालून न उभारतां तुळयांनाच वरून टांगतात. अशा वेळीं ओल्या काँक्रीटचा सगळा भार एकट्या तुळईवर पडतो. ओल्या काँक्रीटला वजन असतें, पण बळ नसतें. घनमीटरला अडीच टन धरले तर वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीच्या पाठीचें वजन दर चौरस मीटरला पांचशें ते सव्वासहाशें किलो होतें. या भाराखालीं तुळई किती लवेल याचा हिशेब आधींच करून कारखान्यांतच तिला तेवढा उलटा बांक देतात. काँक्रीट पडलें कीं ती लवून सरळ होते.

ओतण्याचा क्रमहि महत्त्वाचा आहे, आणि अनाडी डोळ्याला तो चमत्कारिक दिसतो. तुळई जेव्हां अनेक खांबांवरून सलग जाते, तेव्हां एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनें काँक्रीट ओतीत नाहींत. आधीं प्रत्येक गाळ्याचा मधला भाग ओततात, आणि खांबांच्या माथ्यावरचे पट्टे शेवटीं भरतात. कारण असें कीं, गाळ्याच्या मध्यावर भार पडला म्हणजे तुळई तेथें खालीं लवते, आणि खांबाच्या माथ्यावर तिची वरची बाजू ताणली जाते. तेथलें काँक्रीट आधींच घट्ट झालेलें असेल तर तें या ताणानें तडकतें. दोन दिवसांच्या घाईसाठीं हा क्रम मोडला तर तडा कायमचा राहतो, आणि वरून डांबर पडल्यावर तो कोणाला दिसतहि नाहीं.

दुसऱ्या रीतींत लांकडी सेंट्रिंगच्या जागीं पन्हळीदार पोलादी पत्रे किंवा काँक्रीटच्या पातळ फळ्या तुळयांवर टाकतात, त्यांवर सळया बांधून काँक्रीट ओततात, आणि खालचें आवरण तसेंच राहूं देतात. वाहत्या पाण्यावर किंवा चालू रुळांवर सेंट्रिंग उतरविण्याचें संकट यांत टळतें. तिसरी रीत आधींच ओतून पक्क्या केलेल्या मोठ्या फरश्यांची. कारखान्यांत किंवा काठावरच्या अंगणांत या फरश्या तयार करतात. त्यांत जागोजाग चौकोनी भोकें ठेवलेलीं असतात. फरशी तुळईवर बसली म्हणजे तुळईवरचे खुंट भोकांतून वर येतात. मग भोकें व फरश्यांमधल्या फटी आटून न जाणाऱ्या मसाल्यानें भरतात. ज्या प्रदेशांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर काम करणें कठीण, तेथें ही रीत फार सोयीची. काँक्रीटचें आटणें आधींच अंगणांत होऊन जातें हा तिचा आणखी एक गुण. मात्र फरश्या जितक्या, सांधे तितके. आणि प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला उघडें राहूं पाहणारें एक दार.

या पद्धतींचा मोठा उपयोग जेथें खालून वाहतूक थांबवितां येत नाहीं तेथें होतो. मुंबईंत मस्जिद बंदराजवळचा जुना कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्यें सत्तावीस तास गाड्या बंद ठेवून उतरविला. त्या जागीं पोलादी तुळयांचा नवा पूल जुलै २०२५ मध्यें खुला झाला. तुळया बाजूला जुळवून, रात्रींच्या थोड्या अवधींत रुळांवर आणून बसविणें आणि पाठ मागाहून घालणें, ही सवड पोलाद-काँक्रीटच्या जोडीमुळेंच मिळते. कलकत्त्याचा विद्यासागर सेतु १० ऑक्टोबर १९९२ रोजीं खुला झाला. त्याचा मधला गाळा ४५७ मीटर लांब असून पोलादी तुळयांच्या जाळीवर अवघी २३ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची पाठ आहे. याउलट १२ जानेवारी २०२४ रोजीं खुल्या झालेल्या मुंबईच्या अटल सेतूवर, १८० मीटरपर्यंतच्या लांब गाळ्यांसाठीं काँक्रीटला अजिबात फांटा देऊन पाठहि पोलादाचीच केली आहे. कारण एवढ्या लांबीवर काँक्रीटचें वजनच जड होऊं लागतें. प्रत्येक रीतीला आपली मर्यादा असते.

एवढें सगळें जुळून आल्यावर हा संसार निर्वेध चालावा. पण तसें होत नाहीं. पहिलें भांडण पहिल्याच महिन्यांत होतें. काँक्रीट वाळतांना आटतें. सुटें असतें तर तीस मीटर लांबींत तें आठ-दहा मिलिमीटर आंखडलें असतें. पण खालचे खुंट त्याला आंखडूं देत नाहींत, आणि मग पाठीवर आडवे बारीक तडे पडतात. ज्या खुंटांनीं दोघांस एकजीव केलें, तेच या ठिकाणीं दुःखास कारण होतात. यावर उपाय एकच: बेताचें पाणी घालून केलेलें काँक्रीट, आणि ओतल्यानंतर कित्येक दिवस त्याला ओलें ठेवण्याची चिकाटी. पोतीं अंथरून पाणी मारणाऱ्या मजुराची मजुरी सगळ्या कामांत सर्वांत कमी असते, आणि पाठीचें आयुष्य त्याच्यावर सर्वांत अधिक अवलंबून असतें.

दुसरा शत्रु मीठ. तें वाऱ्यांतून येतें, खाडीच्या तुषारांतून येतें, आणि न धुतलेल्या खाडीच्या वाळूंतून तर आपणच तें काँक्रीटच्या पोटांत घालतों. मीठ तड्यांतून सळईपर्यंत पोंचलें कीं तिच्यावरचा तो संरक्षक थर मोडतें. गंज चढलेलें लोखंड मूळच्या दुपटीहून, कधीं कधीं सहापटीपर्यंत जागा व्यापतें. त्या फुगण्यानें काँक्रीटची खपली सुटते, अधिक पाणी आंत शिरतें, आणि चक्र वेगानें फिरूं लागतें. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पुष्कळ भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुलावरची पन्हळ बुजली असेल, दोन गाळ्यांमधल्या सांध्याचें रबर फाटलें असेल, तर तें सर्व पाणी तुळईच्या टोकांवर ठिबकत राहतें. आणि ज्या टोकांवर पूल टेकलेला असतो तींच आधीं गंजतात.

या गोष्टी पुस्तकी नाहींत. ५ जुलै १९८६ रोजीं पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. तो पोलादी तुळयांचा नव्हता, काँक्रीटचा होता. परंतु काँक्रीटच्या आंत ताणून बसविलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेनें खाल्ल्या होत्या. १९९२ सालीं नवा पूल होईपर्यंत बांद्याकडून पणजीस जाणाऱ्याला शेवटच्या टप्प्यावर पुन्हां फेरीबोटीची वाट पाहावी लागे. १४ मार्च २०१९ रोजीं संध्याकाळीं मुंबईंत छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पुलाचा भाग पडून सात माणसें दगावलीं. त्या दिवशींचीं छायाचित्रें ज्यांनीं पाहिलीं त्यांना एक गोष्ट आठवत असेल: पोलादी सांगाडा जागच्या जागीं उभा होता, आणि त्यावरची काँक्रीटची पाठ तेवढी खालीं रस्त्यावर पडलेली होती. विशेष म्हणजे, थोड्याच काळापूर्वीं झालेल्या तपासणींत हा पूल वापरण्यास योग्य ठरला होता. हमाल उभा राहिला, भागीदार निसटला.

आणि खुद्द मालवणांत? राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला छत्रपति शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं पडला. पुतळा म्हणजे पूल नव्हे. पण पडण्याच्या थोडेच दिवस आधीं त्याचे नटबोल्ट गंजत असल्याचें सार्वजनिक बांधकाम खात्यानें पत्रानें कळविलें होतें, ही गोष्ट पूल बांधणाऱ्यानेंहि लक्षांत ठेवावी अशी आहे. २०२५ सालीं तेथें नवा, अधिक भक्कम पुतळा उभा राहिला. किनाऱ्यावरचा वारा लहानमोठें बांधकाम ओळखीत नाहीं. तो सांधा शोधतो.

राजकोटाहून समोर पाहिलें तर समुद्रांत सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ सालीं कुरटे बेटावर त्याचें काम सुरू झालें आणि १६६७ मध्यें तें पुरें झालें. तटाच्या पायाच्या दगडांत शिसें ओतलें, असें बखरकार सांगतात व मालवणचीं पोरेंहि सांगतात. शिसें दगडाहून मऊ असतें. तट त्याच्या बळावर उभा राहत नाहीं. पण तें फटींत शिरून बसतें, खाऱ्या पाण्यांत सहसा सडत नाहीं, आणि लाटेला दोन दगडांमध्यें जागा ठेवीत नाहीं. जुन्या गलबतांच्या फळ्यांमध्यें कापूस ठासून वर तेल-राळ लावीत, त्यांतहि हाच विचार होता. आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वीं गलबत किनाऱ्यावर ओढून प्रत्येक सांधा पुन्हां तपासीत. बांधणाऱ्याचें काम एकदां संपे, सांधा राखणाऱ्याचें कधींच संपत नसे. आमच्या किनाऱ्याला ही शहाणीव बाहेरून शिकावी लागत नाहीं. ती विसरूं नये एवढेंच.

आज हें लिहिण्याचें निमित्तहि तेंच आहे. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानें हातीं घेतला आहे, आणि त्यासाठीं किनाऱ्यावरच्या खाड्यांवर मोठे पूल व्हावयाचे आहेत. त्यांत कोठें पोलादाच्या तुळया येतील, कोठें निव्वळ काँक्रीट येईल. तें इंजिनिअरांनीं ठरवावें. परंतु पूल खाडीच्या मुखाजवळ जितका जाईल तितका तो मिठाच्या अधिक तोंडीं जाईल. उद्घाटनाच्या दिवशीं तो सुंदर दिसेल यांत शंका नाहीं. त्यानंतरच्या विसाव्या पावसाळ्यांत त्याची पन्हळ साफ करण्यास, सांध्याचें रबर बदलण्यास आणि तुळईला रंगाचा नवा हात देण्यास अंदाजपत्रकांत पैसा असेल कीं नाहीं, हा प्रश्न आजच विचारावयास हवा. कारण नवा पूल मागणारे पुष्कळ असतात, जुना राखा म्हणणारे थोडे.

आणि हें काम केवळ सरकारचें नाहीं. दसऱ्याच्या सुमारास पाऊस सरला म्हणजे आपल्या गांवच्या पुलाखालून एकदां होडी न्यावी, किंवा ओहोटीच्या वेळीं काठानें खालीं उतरावें, आणि पुलाच्या पाठीची खालची बाजू पाहावी. तेथें पांढरे ओघळ दिसले तर पाणी काँक्रीटमधला चुना धुवून आणीत आहे असें समजावें. तांबूस ओघळ दिसले तर आंत कोठें तरी पोलाद गंजूं लागलें आहे. आणि खालीं चिखलांत काँक्रीटची खपली पडलेली सांपडली, तर ती उचलून जवळच्या बांधकाम खात्याच्या कचेरींत नेऊन दाखवावी, आणि पत्राची पोंच घेऊन मगच घरीं यावें.